लिनक्ससाठी ग्राफिक्स कार्ड घेताना त्याचा ड्रायव्हर कोण सांभाळतंय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या पीसीत जीटीएक्स १०६० आहे, त्यावर उबुंटू आहे. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग आणि अधूनमधून ब्लेंडर असं काम चालतं. कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि काळी स्क्रीन. आता एनव्हिडिया सोडून एएमडी घ्यावं का, इंटेलचं आर्क कसं आहे, आणि या कंपन्या लिनक्सला खरंच सपोर्ट देतात की नुसतं नावाला, असं विचारलंय.

आधी उत्तर, मग कारणं. डेस्कटॉप, गेम्स आणि रोजचं काम एवढंच असेल तर एएमडी किंवा इंटेल घ्या. पोट दाविंची रिझॉल्व्हवर, ब्लेंडरच्या रेंडरवर किंवा कूडा (कार्डाकडून जड गणितं करून घेणारी एनव्हिडियाची यंत्रणा) लागणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर असेल तर एनव्हिडिया घ्या, पण जीटीएक्स १६०० किंवा आरटीएक्स २००० मालिकेपासून पुढचंच. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेची कार्डं आता सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात. लिनक्ससाठी ती घेऊ नका. आणि बेंचमार्क बघायच्या आधी हे तपासा की कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य सोर्समध्ये आहे की बाहेर. ही एक गोष्ट समजली की बाकीचं बरंचसं उलगडतं, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो.

विंडोजवर ड्रायव्हर म्हणजे कंपनीच्या साइटवरून उतरवलेली एक फाइल. लिनक्सवर त्याचे तीन तुकडे असतात. पहिला कर्नलमध्ये बसतो. कार्डाची मेमरी, वीज आणि मॉनिटरची जोडणी तो सांभाळतो. दुसरा त्याच्या वर असतो. ओपनजीएल किंवा व्हल्कन या ठरलेल्या पद्धतींनी प्रोग्राम जे चित्र काढायला सांगतात, ते कार्डाला कळेल अशा सूचनांमध्ये तो बदलतो. हा भाग बहुतेक वेळा मेसा नावाच्या प्रकल्पातून येतो, जो १९९० च्या दशकापासून चालू आहे. तिसरा तुकडा फर्मवेअर, म्हणजे कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. हा बंदच असतो, एएमडीच्या कार्डातही. त्यामुळे ‘शंभर टक्के ओपन सोर्स कार्ड’ असं कुणी सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका. डेबियनसारख्या काटेकोर डिस्ट्रोनेसुद्धा (डिस्ट्रो म्हणजे उबुंटूसारखं लिनक्सचं तयार पॅकेज) २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली.

आता पहिल्या तुकड्याचं बघू. लिनक्स कर्नलमध्ये आतल्या आत जे इंटरफेस असतात ते कायम तसेच राहतील अशी हमी कुणी देत नाही, आणि हे धोरण ठरवून घेतलेलं आहे. नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं, त्यात आतली फंक्शनं बदलतात, काही जातात, काहींची मांडणी बदलते. मात्र असा बदल जो करतो, त्यानेच तो इंटरफेस वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे असतात. म्हणजे तुमचा ड्रायव्हर मुख्य सोर्समध्ये असेल तर कंपनीतला एकही माणूस त्याच्याकडे बघत नसला तरी तो पुढच्या कर्नलसोबत चालत राहतो. बाहेर असेल, तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने जुळवून घ्यावा लागतो, आणि जुळवणारं कुणी नसेल तर तिथेच थांबतो.

तुमची काळी स्क्रीन इथूनच आली असणार. एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा तुकडा, मुख्य सोर्सच्या बाहेरचं आहे. डीकेएमएस ही यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते तुमच्याच मशीनवर पुन्हा कंपाइल करते. नव्या कर्नलचे हेडर्स (या कंपाइलला लागणाऱ्या फाइली) इन्स्टॉल झालेले नसतील, किंवा ड्रायव्हरची आवृत्ती जुनी आणि कर्नल नवं असेल, तर हे कंपाइल फसतं. अपडेटच्या लांबलचक मजकुरात ती चूक कुठेतरी दबून जाते आणि अपडेट मात्र ‘झालं’ म्हणून दिसतं. रीस्टार्टनंतर एनव्हिडियाचं मॉड्यूल नाही, आणि कर्नलमधला नूव्हो हा पर्यायी ड्रायव्हर एनव्हिडियाच्या इन्स्टॉलेशनने आधीच काळ्या यादीत टाकून ठेवलेला. कार्डाचा ताबा घ्यायला कुणीच उरत नाही.

बाहेर पडायचा मार्ग सोपा आहे. मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधीचं कर्नल निवडा. मशीन नेहमीसारखं उठेल. मग टर्मिनलवर डीकेएमएसची स्टेटस आज्ञा चालवून नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं असूनही काळोखच असेल तर सिक्युअर बूटकडे वळा. ते चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. हाताने लोड करायला गेलात तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ लिहिलेली. ती बरेच जण घाबरून ओलांडून जातात. तिथे थांबायचं, एनरोल निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. उबुंटूवर तर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधूनच ड्रायव्हर घ्या, तिथे बहुतेक वेळा कॅनॉनिकलने, म्हणजे उबुंटूच्या कंपनीने, आधीच सही केलेलं मॉड्यूल मिळतं. एनव्हिडियाच्या साइटवरची रन फाइल उतरवून चालवू नका. पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ताच नसतो, आणि पुढच्या अपडेटला हाच प्रकार पुन्हा गळ्यात पडतो.

आता कार्डाच्या वयाबद्दल, कारण तुमच्या बाबतीत खरी अडचण तिथे आहे. जीटीएक्स १०६० हे २०१६ चं, पास्कल पिढीचं कार्ड. एनव्हिडियाने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तीन पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा ठरवली. त्यापुढच्या ५९० मध्ये ही कार्डं नाहीत. आर्च लिनक्स या डिस्ट्रोत डिसेंबर २०२५ मध्ये ५९० आलं तेव्हा पास्कलवाल्यांना जुनी शाखा स्वतः शोधून टाकावी लागली. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवर ५८० शाखा आणखी काही काळ निभावेल, आणि तुम्ही आज तेच करा. पण ती शाखा बंद झाल्यावर पुढच्या कर्नलशी तिला जुळवून घेणारं कंपनीत कुणी नसेल. मग नूव्हो वापरा म्हणावं, तर मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून, एनव्हिडियाने फर्मवेअरला सहीची सक्ती केली. सही असलेलं योग्य फर्मवेअर नूव्होला मिळालं नाही, त्यामुळे या कार्डांचा क्लॉक त्याला वाढवता येत नाही. मशीन सुरू होताना जो संथ वेग असतो त्यातच कार्ड अडकून राहतं. चांगलं धडधाकट सिलिकॉन केवळ एका सहीपायी असं निकामी व्हावं, हे मला आजही पटत नाही.

याच्या शेजारी एएमडीचं एक कार्ड ठेवून बघा. रेडिऑन एचडी ७९७० जानेवारी २०१२ मध्ये बाजारात आलं, म्हणजे तुमच्या १०६० पेक्षा चार वर्षांहून अधिक जुनं. एएमडीने विंडोजवर त्याला कधीच रामराम केला. लिनक्सवर इतकी वर्षं ते ‘रेडिऑन’ या जुन्या कर्नल ड्रायव्हरवर चालत होतं, ज्यावर व्हल्कन नाही. नव्या ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हरमध्ये त्या पिढीसाठी बरंच काम अर्धवट राहिलं होतं. व्हाल्व्ह या स्टीम चालवणाऱ्या गेम कंपनीसाठी काम करणाऱ्या एका डेव्हलपरने २०२५ मध्ये ते मनावर घेतलं, उरलेले दोष काढले, आणि ६.१९ या कर्नलपासून त्या पिढीची कार्डं आपोआप नव्या ड्रायव्हरवर चालू लागली, व्हल्कनसकट. एएमडीने हे करायचं ठरवलं नव्हतं. कुणीतरी बाहेरचं माणूस आलं आणि त्याला ते करता आलं, कारण सोर्स तिथे होता, मुख्य कर्नलमध्ये होता, आणि तपासून आत घेणारी माणसं होती. सपोर्ट म्हटलं की मी आधी हे बघतो. कंपनी कार्ड विकत असेपर्यंत सगळेच सपोर्ट देतात. तिचं लक्ष उडाल्यावर ते काम दुसऱ्या कुणाला हातात घेता येतं का, हे मला कार्ड निवडताना जास्त महत्त्वाचं वाटतं.

एएमडीचं हे पूर्वीपासून नव्हतं, हेही सांगायला हवं. एफजीएलआरएक्स नावाचा त्यांचा बंद ड्रायव्हर ज्यांनी वापरलाय त्यांना नव्या एक्स सर्व्हरला (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामला) जुळणाऱ्या ड्रायव्हरसाठी महिनोन्‌महिने थांबणं आठवत असेल. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि २००७ च्या सप्टेंबरमध्ये कार्डांची कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ कर्नलमध्ये आला. पुढच्या वर्षी त्यांनी डिस्प्लेसाठी लाखाच्या आसपास ओळींचा कोड आणला, जो मुळात विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालावा म्हणून लिहिलेला होता. लिनक्स कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी तो घ्यायला साफ नकार दिला. दोन सिस्टिमच्या मधला असा थर एकदा आत घेतला की कंपनीबाहेरच्या कुणाला तो दुरुस्त करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी अनेकांना हा हट्ट वाटला. एएमडीच्या लोकांनी वर्षभर खपून कोड सुधारला आणि तो ४.१५ मध्ये आला. आज त्याची फळं दिसतात. व्हल्कनचं तर आणखी वेगळं झालं. एएमडीने आपला व्हल्कन ड्रायव्हर खुला करायला उशीर लावला, तेव्हा एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी २०१६ मध्ये मेसात रॅडव्ही हा एएमडी कार्डांचा व्हल्कन ड्रायव्हर लिहायला घेतला. पुढे व्हाल्व्हने त्याच्यासाठी एसीओ हा शेडर कंपाइलर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम कार्डाच्या भाषेत आणणारा) तयार करवला, आणि २०२२ चं स्टीम डेक हे हातात धरायचं गेमिंग मशीन याच रॅडव्हीवर उभं राहिलं. शेवटी २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा एएमडीव्हीएलके बंद केला आणि रॅडव्हीलाच पाठिंबा जाहीर केला.

तरीही एएमडी घेतलं म्हणजे डोक्याला ताप नाही असं समजू नका. ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ अशी ओळ लॉगमध्ये येऊन स्क्रीन गोठण्याचे प्रकार होतात, वीज वाचवण्याच्या बदलांनी एखाद्या कर्नलमध्ये काहीतरी बिघडतं आणि पुढच्यात सुधारतं. त्याहून जास्त फसगत नव्या कार्डांत होते. आरएक्स ९०७० मार्च २०२५ मध्ये आलं. उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नल घेऊन आलेलं, म्हणजे कार्डाच्या जवळजवळ वर्षभर आधीचं. अशा वेळी डेस्कटॉप उघडतो, पण खिडकी सरकवली तरी अडखळते आणि सीपीयूचा पंखा ओरडायला लागतो. जीएलएक्सइन्फो या आज्ञेला विचारलं तर रेंडररच्या नावापुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं असतं, म्हणजे सगळं चित्र सीपीयू काढतोय आणि महागडं कार्ड नुसतं बसून आहे. उपाय म्हणजे कर्नल, मेसा आणि फर्मवेअरचं पॅकेज, तिन्ही नवी हवीत. उबुंटूवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नल घ्या किंवा फेडोरासारखी नवं कर्नल लवकर देणारी डिस्ट्रो निवडा. दीर्घकालीन डिस्ट्रोच वापरायची असेल तर बाजारात येऊन निदान सहा महिने झालेलं कार्ड घ्या.

टीव्हीला जोडणार असाल तर आणखी एक. एचडीएमआय २.१ ची सोय ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये देण्यासाठी एएमडीने काम केलं होतं, पण ते स्पेसिफिकेशन बंद असल्याने एचडीएमआय फोरमची परवानगी लागणार होती. फोरमने ती नाकारल्याचं २०२४ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं. कंपनीची तयारी असूनही वापरणाऱ्याच्या पदरात काही पडलं नाही असं हे उदाहरण आहे. फोर-के १२० हर्ट्झ हवं असेल तर डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्या.

इंटेलचं थोडक्यात. सगळा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आणि मेसात, आणि हे सगळ्यांच्या आधीपासून. प्रोसेसरमधलं इंटेल ग्राफिक्स लिनक्सवर इतकं मुकाट्याने चालतं की लोकांना त्याची दखलही घ्यावी लागत नाही. अपवाद २००८ च्या सुमाराच्या जीएमए ५०० चा, ज्याचा गाभा इमॅजिनेशनच्या पॉवरव्हीआरचा होता, आणि त्या नेटबुकवाल्यांना पुढे कुणी वाली उरला नाही. आर्क कार्डांची पहिली पिढी २०२२ ची. सुरुवातीला कर्नलला पर्याय देऊन ती बळेच चालू करावी लागत, ६.२ पासून आपोआप चालू लागली. बी५८० हे डिसेंबर २०२४ चं कार्ड नव्या एक्सई ड्रायव्हरवर चालतं. एव्ही१ आणि एचईव्हीसी एन्कोडिंगसाठी त्या किमतीत ते छान आहे. मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होत नसेल तर मात्र आर्क घेऊ नका, वेग फार पडतो.

एनव्हिडियाबद्दल राग धरून बोलणं सोपं आहे, आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात भर सभेत तो काढलाही. पण त्यांच्या बंद ड्रायव्हरची गुणवत्ता कमी लेखू नये. नव्या कार्डाला पहिल्या दिवसापासून ड्रायव्हर असतो, फ्रीबीएसडीलाही ते देतात, आणि कूडा व ऑप्टिक्स (रेंडरला वेग देणारी त्यांची यंत्रणा) यांना तोडीस तोड आजही नाही. डेटा सेंटरमध्ये त्यांची कार्डं लिनक्सवरच चालतात, त्यामुळे तो भाग भक्कम राहणारच. मागे राहिला तो डेस्कटॉप. वेलँड या डेस्कटॉप दाखवायच्या नव्या पद्धतीसाठी बाकी सगळे जीबीएम हा मार्ग वापरत असताना ते ईजीएलस्ट्रीम्स हा आपला वेगळा मार्ग घेऊन बसले; जीबीएम आलं २०२१ मध्ये ४९५ शाखेत. चित्र मागेपुढे लुकलुकण्याचा त्रास २०२४ च्या ५५५ शाखेने, एक्स्प्लिसिट सिंक (चित्र पूर्ण झाल्याचं ड्रायव्हरने स्पष्ट कळवणं) आल्यावर, बराच कमी झाला.

मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूल ओपन सोर्स केलं, तेव्हा ‘एनव्हिडिया खुली झाली’ असा गवगवा झाला. नेमकं काय खुलं झालं ते बघा. ट्युरिंगपासून (म्हणजे जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० मालिकेपासून) पुढच्या कार्डांवर जीएसपी नावाचा प्रोसेसर असतो. पूर्वी कर्नल मॉड्यूल करत असलेलं बरंच काम त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये गेलं, आणि उरलेलं मॉड्यूल खुलं झालं. ओपनजीएल, व्हल्कन आणि कूडा बंदच आहेत. मॉड्यूल अजूनही मुख्य कर्नलच्या बाहेर आहे, त्यामुळे डीकेएमएसची कटकट तशीच. तुमच्या १०६० वर जीएसपी नाही, म्हणून हे खुलं मॉड्यूल त्यावर चालणारही नाही.

तरीही या पावलाचं मोल मोठं आहे. त्याच जीएसपी फर्मवेअरच्या आधाराने नूव्होला ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांचा वेग वाढवता येऊ लागला. मेसात फेथ एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर लिहिला, आणि रेड हॅटच्या पुढाकाराने नोव्हा हा रस्ट भाषेतला कर्नल ड्रायव्हर ६.१५ पासून थोडा थोडा आत येतोय. रोजच्या वापराला तो अजून तयार नाही, पण आजचं आरटीएक्स कार्ड दहा वर्षांनी १०६० सारखं वाऱ्यावर पडणार नाही अशी आशा मला यामुळे वाटते. जुनं घेऊ नका, ट्युरिंगपासून पुढचं घ्या, या माझ्या सांगण्यामागचं कारण हेच.

तुमच्या एडिटिंगकडे येतो. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ वाचत नाही, कार्ड कितीही चांगलं असलं तरी. कॅमेऱ्याच्या फाइल आधी डीएनएक्सएचआरसारख्या फॉरमॅटमध्ये बदला किंवा स्टुडिओ आवृत्ती विकत घ्या. केडेनलाइव्ह वापरत असाल तर हा प्रश्न नाही. फेडोरावर गेलात तर लक्षात ठेवा, पेटंटच्या भीतीने २०२२ पासून तिथल्या मेसातून या दोन्ही कोडेकचं हार्डवेअर डिकोडिंग काढलंय. ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून टाकावं लागतं. एएमडीवर ब्लेंडर एचआयपी या कूडासारख्या यंत्रणेतून चालतं, पण एएमडीच्या रॉकएम या सॉफ्टवेअर-संचात अधिकृत सपोर्ट असलेल्या कार्डांची यादी छोटी आहे. घ्यायचं ते कार्ड त्या यादीत आहे का ते आधी बघा. गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असेल तर माझी निवड साधं आरटीएक्स कार्ड, डिस्ट्रोच्या भांडारातला ड्रायव्हर आणि उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती. प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडा आणि एनव्हिडिया फक्त रेंडरसाठी ठेवा. मग ड्रायव्हर फसला तरी स्क्रीन काळी होत नाही.

दोष आढळला तर नोंदवायला लाजू नका. एएमडी, इंटेल आणि मेसाचे दोष फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर घेतले जातात आणि तिथे कंपनीचे इंजिनिअर स्वतः उत्तरं देतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत दोषाची माहिती गोळा करणारी एक स्क्रिप्ट येते. ती रूट म्हणून चालवली की एक जीझिप केलेली लॉग फाइल तयार होते, तीच पाठवायची. दोन्हीकडे कर्नलची आणि ड्रायव्हरची आवृत्ती, जर्नलमधला (सिस्टिमच्या नोंदवहीतला) त्या बूटचा लॉग, आणि कुठल्या आवृत्तीपर्यंत नीट चालत होतं ते लिहा. शेवटची माहिती दिली तर दोष सापडायला सगळ्यात कमी वेळ लागतो.